बुटकीच्या दोनशे बारा बिया

३ मार्च

प्रिय खारू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच टाकून दिलं असशील, तर प्रश्नच मिटला. उघडलं असशील तर एवढं तरी वाच: बुटकीला फळं धरली आहेत.

तीच बुटकी, ओढ्याच्या वळणावरची. तब्बल अकरा वर्षांनी. वनरक्षक परवा मुद्दाम खाली येऊन सांगून गेला. फळं अजून हिरवी आहेत, लाल व्हायला तीन आठवडे लागतील म्हणाला. त्याचे गुडघे गेलेत, पण तोंड शाबूत आहे. "त्या झाडावर सरसर चढणाऱ्या बाई कुठं असतात हल्ली?" असं विचारत होता. मी म्हटलं, बाहेरगावी. त्याने पुढे काही विचारलं नाही ते बरं झालं.

तुझा पत्ता आईकडच्या कार्डावरून घेतला. वर्षातून एक कार्ड, त्यावर दोन शब्द: 'बरी आहे.' आई ते चष्म्याच्या डबीत ठेवते आणि चष्मा मात्र घरभर शोधत फिरते. पत्त्यावरून कळलं की तू कुंड्यांतली झाडं विकणाऱ्या दुकानात आहेस. जंगलात कुणी न पाहिलेलं झाड शोधून काढणारी माझी बहीण आता गिऱ्हाइकांना पानं पुसून देते. असो. तो विषय आज नको.

मी अजून बियांच्या खोलीतच आहे. जूनअखेर निवृत्ती. माझ्या जागी एक नवी बाई आली आहे. हुशार आहे, मला 'मॅडम' म्हणते आणि मी लावलेल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्यादेखत पुन्हा तपासते. मला राग येतो, पण तिचं बरोबर आहे.

बुटकीचं तुला कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं. दुसरं काही नाही.

ताई


११ मार्च

खारू,

उत्तर आलं नाही. मला अपेक्षाही नव्हती. (ही थाप आहे. रोज दुपारी टपालाच्या खोक्यात दोनदा हात घालून बघते.)

नव्या बाईला परवा बुटकीची हकीकत सांगितली. तिला काहीच ठाऊक नसल्यामुळे अगदी पहिल्यापासून सांगावी लागली. लिचीच्या कुळातलं झाड, पण लिचीचा थाट नाही. भर पावसाच्या जंगलात मोठ्या झाडांच्या पायाशी मुकाट्याने उभं राहणारं, जेमतेम दोन माणसांच्या उंचीचं, खोड मांडीएवढं. कोवळी पानं गुलाबी आणि लोंबती. फळ लाल, तीन धारांचं. पिकलं की तीन फाकांत उघडतं आणि आत पिवळ्या गरात काळीभोर बी. सगळी मिळून एकोणीस झाडं, तीही एकाच ओढ्याच्या काठी, आणि त्यांत फळलेलं फक्त एक. तिचं लांबलचक शास्त्रीय नाव ठरेपर्यंत तू तिला बुटकी म्हणायला लागली होतीस, आणि मग सगळेच म्हणायला लागले.

"आणि हे शोधलं कुणी?" नव्या बाईने विचारलं.

"माझ्या धाकट्या बहिणीनं," मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं, खोटं कशाला सांगू. मला तेव्हा जमला नव्हता तो अभिमान अकरा वर्षांनी आपसूक आला.

"मग त्या वेळच्या बियांचं काय झालं?"

"मेल्या."

"कशानं?"

मी म्हटलं, तुमचा चहा गार होतोय.

एकोणिसांतली पाच झाडं आता गेलीत, ओढ्याला दोनदा पूर आला त्यात. फळणारी बुटकी उभी आहे, पण तिचं खोड बुडाशी पोखरलंय, आत अख्खा हात जातो म्हणे. वनरक्षकाच्या मते हा तिचा शेवटचा बहर. बाकीची तेरा अजून वांझच आहेत. म्हणजे या खेपेच्या बिया हातच्या गेल्या, तर पुढे कुणी काही करू शकणार नाही.

मला तुला आणखी काही सांगायचं होतं, पण पान संपत आलं. (पान संपलेलं नाही.)

ताई


१४ मार्च

खारू,

आज दुपारी नव्या बाईने जुनं कार्ड काढलं. प्रत्येक झाडाचं एक कार्ड असतं, बी कशी आणायची, कशी ठेवायची, आधी काय चुकलं. बुटकीचं कार्ड माझ्या अक्षरात आहे. तिने ते माझ्यासमोर मोठ्याने वाचलं:

"बी ओल्या शेवाळात गुंडाळून आणल्याने वाटेतच कुजली. चूक गोळा करणारीची. पुढील वेळी झाडाखालीच गर काढून बी ताबडतोब वाळवावी."

खाली माझी लफ्फेदार सही.

"मॅडम, किती स्पष्ट लिहिलंय तुम्ही," ती म्हणाली. "मी परवाच वनरक्षकाला याची प्रत दिली. डबा दिला, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्याही दिल्या. फळ उघडलं की तिथल्या तिथे वाळवा म्हटलं."

मी आपलं सहज सुचल्यासारखं म्हटलं, "या वेळी ओलीच आणून बघितली तर?"

"पण तशीच आणून कुजली होती ना? तुम्हीच लिहिलंय."

आणि मी काय म्हटलं माहितीये? "हो, खरंच की."

तिथून उठून रोपांना पाणी घालायला गेले. त्यांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

ताई


१५ मार्च

खारू,

आता लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा जमणार नाही, म्हणून खाडाखोड न करता लिहिते.

तुझ्या बिया कुजलेल्या नव्हत्या. एकही नाही. तू दोनशे बारा बिया आणल्या होत्यास, ओल्या शेवाळात, कापडी पिशवीत. तुला ताप चढला होता, तरी आधी माझ्या टेबलावर पिशवी ठेवलीस आणि मग घरी गेलीस. पिशवीला चिठ्ठी होती: 'ताई, ओलीच ठेव. वाळवू नकोस. आजच पेर.' मी पिशवी उघडली. टपोऱ्या, चकचकीत, जिवंत बिया. त्यांना मातीचा छान वास येत होता.

मला चिठ्ठीचा राग आला. बस, एवढंच. यापेक्षा मोठं काही कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. अठरा वर्षं मी त्या खोलीत बिया वाळवत होते, आणि काल-परवा झाडावर चढायला लागलेली ही पोर मला शिकवणार? त्याच आठवड्यात साहेबांनी सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं होतं, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले होते, "आणि या तिच्या बहीण." तेही डोक्यात होतं. लिचीची बी वाळली की मेली, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या कुळातल्या काही बिया वाळवून चालतात, ही काळी आणि टणक दिसतेय, हीही चालेल, अशी मी माझी समजूत घातली. गर धुतला, पत्र्याच्या ताटांत बिया पसरल्या आणि वाळवणीच्या कपाटात ठेवल्या. सहा दिवस.

सातव्या दिवशी एक कापली. आत हिरवट-पांढरं, घट्ट असायला हवं ना, तिथे तपकिरी भुसा. दुसरी कापली. एक तरी हिरवी निघेल म्हणून चाळीस कापल्या. मग खाली बसले.

यापुढचं मी आजवर स्वतःशीसुद्धा नीट उच्चारलेलं नाही. उरलेल्या बिया मी पुन्हा भिजवल्या. तुझ्याच शेवाळात घातल्या, तुझ्याच पिशवीत भरल्या आणि खोलीतल्या उबदार कोपऱ्यात चार दिवस ठेवल्या. बुरशी आली. छान दाट बुरशी. मग साहेबांना बोलावून म्हटलं, बघा, या अशा आल्या.

तुझी चिठ्ठी मी फाडली.

तुला आठवत असेल, साहेबांच्या खोलीत तू उभी होतीस, तापातून नुकतीच उठलेली. तू मला विचारलंस, "ताई, तू चिठ्ठी वाचली होतीस ना?" मी म्हटलं, "वाचली. तसंच ठेवलं." मग तूच सबबी शोधायला लागलीस, माझ्यासाठी नाही, स्वतःविरुद्ध. म्हणालीस, पिशवी गाडीत इंजिनाच्या बाजूला राहिली असेल, तापात लक्ष राहिलं नसेल. साहेब म्हणाले, एका झाडाचा अख्खा बहर तुमच्या निष्काळजीपणाने गेला. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. अगदी मायेने. तो हात आजही मला झोंबतो.

तू नोकरी सोडलीस. घर सोडलंस. आईला वाटतं, तू आमच्यावर रागावलीस. मला माहीत होतं की तू रागावलेली नाहीस, तुला शरम वाटतेय. जी शरम माझी होती ती मी तुझ्या गळ्यात घातली आणि तू ती घेऊन निमूट गेलीस, मागे वळूनही पाहिलं नाहीस.

तू काही चुकली नव्हतीस, खारू. तुझ्या दोनशे बारा बिया मी मारल्या.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

ताई


२८ मार्च

खारू,

तुला वाटलं असेल, एवढं लिहिल्यावर मी लगेच उठून नव्या बाईकडे गेले असेन. नाही गेले. पत्र पेटीत टाकलं आणि मला इतकं हलकं वाटलं की विचारू नकोस. सुटले एकदाची, असं वाटलं. आठ दिवस मी त्या हलकेपणात होते. भाजी चांगली झाली की कौतुक करत होते, आईशी गप्पा मारत होते. तिकडे जंगलात फळं लाल होत होती.

तेवीस तारखेला नवी बाई म्हणाली, "वनरक्षकानं पहिली तोडणी केली असेल आता, वाळायलाही लागल्या असतील." तिथेच, दोन मदतनिसांसमोर, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कार्ड खोटं आहे, बिया मी मारल्या, बुरशी मी आणली, बहिणीवर खापर मी फोडलं.

ती मला दूषणं देईल म्हणून मी वाट बघत होते. तिने फक्त विचारलं, "तो वनरक्षक आत्ता कुठे असेल?" आणि गाडीची किल्ली उचलली.

चौकीवर संपर्क होत नव्हता. गाडी जाते तिथपर्यंत गेलो, मग चार तास चढण. मला किती वर्षांनी चढावं लागलं कोण जाणे, वाटेत तीनदा बसले. नवी बाई माझ्यासाठी थांबली नाही. मला तेच बरं वाटलं.

वनरक्षक चौकीच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसला होता. त्याने डबा उघडून दाखवला, ओळीने मांडलेल्या बिया, गर इतका स्वच्छ काढलेला की आमच्या खोलीतही कुणी काढत नाही. एकशे चाळीस. तीन दिवसांपासून सिलिकात. मी एक कापली. मग नव्या बाईने कापली. आणखी वीस कापल्या. सगळ्यांत तोच तपकिरी भुसा.

"बाई, कार्डावर होतं तसंच केलं मी," वनरक्षक म्हणाला. "काही चुकलं का माझं?"

बघ, पुन्हा तेच. दुसराच माणूस मला विचारतोय, माझं काही चुकलं का. या वेळी तरी मी उत्तर दिलं. म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही. कार्ड मी लिहिलं होतं आणि ते खोटं होतं." त्याने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "आणि त्या चढणाऱ्या बाई?" मी म्हटलं, "त्यांचंही काही चुकलं नव्हतं." त्यानंतर जे सांगायचं ते त्याने नव्या बाईलाच सांगितलं.

मी पंधरा तारखेलाच बोलले असते, तर त्या एकशे चाळीस वाचल्या असत्या. पत्र लिहिणं सोपं होतं गं. तू इतकी लांब आहेस.

झाडावर न उघडलेली सदतीस फळं शिल्लक होती. अगदी वरच्या फांद्यांवर. नवी बाई चढली, मी खाली चादर धरून उभी. अठ्ठावन्न बिया मिळाल्या. ओल्या शेवाळात घालून त्याच दिवशी खाली आणल्या आणि रात्रीच पेरल्या. पेरताना मला कुणी हात लावू दिला नाही, मीही पुढे केला नाही.

ताई


१२ एप्रिल

खारू,

अठ्ठावन्नांपैकी एक्केचाळीस उगवल्या. कोंब तांबूस आहेत.

साहेबांनी मला बोलावलं होतं. दार लावून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "आता कशाला उगाळायचं? रोपं तर आली. अडीच महिने राहिलेत तुमचे, मानाने जा. तुमच्या बहिणीलाही आता काय फरक पडणार?" तू माझी लाज ऐकतेच आहेस तर हीही ऐक: मला ते पटलं. घरी येईपर्यंत पटलेलं होतं. आपण कबूल केलं, झाडही वाचलं, आणखी काय हवंय लोकांना, असं मनाशी म्हणत जिना चढले.

दार आईने उघडलं. हातात चष्म्याची डबी होती. तुझं या वर्षीचं कार्ड आलं होतं, तेच दोन शब्द. ती म्हणाली, "आपलं काय चुकलं गं, की पोरीला दोन शब्दांपुढे तिसरा लिहावासा वाटत नाही?"

मी तिला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. ती पदराने चष्म्याची डबी पुसत राहिली. शेवटी म्हणाली, "अकरा वर्षं तू माझ्या शेजारी बसून ती कार्डं वाचलीस." मग उठली आणि स्वतःच्या खोलीत गेली. आजकाल ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ दे. दार लाव.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना लेखी दिलं. तुझ्यावरचा ठपका खोटा आहे, तो माझ्यावर घ्यावा, आणि ज्या ज्या अहवालात तो छापला गेलाय तिथे दुरुस्ती छापावी. ते वैतागले, पण नवी बाई शेजारी उभी होती आणि तिने दुसरी प्रत आधीच वरच्या कार्यालयात पाठवली होती. कार्डही बदललं. तिने कोरं कार्ड माझ्यापुढे ठेवलं, म्हणाली, "तुम्हीच लिहा." मी लिहिलं: 'बी वाळवू नये, मरते. पहिल्या खेपेच्या दोनशे बारा बिया गोळा करणारीने योग्य रीतीने आणल्या होत्या. त्या मी वाळवून मारल्या. दुसऱ्या खेपेच्या एकशे चाळीस माझ्या खोट्या नोंदीमुळे मेल्या.' सही केली. लफ्फेदार नाही जमली.

दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दुकानात कुणाला दाखवायच्या असतील तर दाखव.

ताई


२० जून

खारू,

आज सोमवार. शुक्रवार-शनिवार मी रजेवर होते. कामावर गेले तर रोपवाटिकेत बुटकीच्या रोपांवरची जाळी बदललेली. आधीची दाट होती, आता विरळ, आणि कुंड्या एकमेकींपासून लांब सरकवलेल्या. मी नव्या बाईला म्हटलं, हे कुणी केलं? चांगलं केलंय, हवा खेळत नव्हती.

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "तुमच्या बहीण येऊन गेल्या. गुरुवारी."

गुरुवारी माझी सुट्टी असते.

मी विचारलं, काही म्हणाली का? नवी बाई खोटं बोलत नाही, तेवढं मला कळलंय. म्हणाली, "त्यांनी आठवड्यापूर्वी फोन केला होता. तुम्ही कुठल्या दिवशी नसता, एवढंच विचारलं."

दिवसभर होतीस म्हणे. जेवायलाही उठली नाहीस. एक्केचाळीस रोपं एकेक करून पाहिलीस, दोन-तीन नव्या मातीत लावलीस, आणि जाताना वनरक्षकाचा पत्ता मागून घेतलास. आणि इथून आईकडे गेलीस, तेही नव्या बाईनेच सांगितलं. मी घरातच होते गं गुरुवारी! मग आठवलं, त्या दिवशी संध्याकाळी आईने मला गावाच्या दुसऱ्या टोकाला चष्म्याची काच बदलायला पिटाळलं होतं. दुकानदार म्हणाला होता, काच चांगली आहे, बदलायची गरज नाही. मी घरी आले तर आईने नवं पातळ नेसलं होतं आणि डोळे सुजलेले होते. विचारलं तर म्हणाली, कांदा. तुम्ही दोघींनी ठरवून केलंत. मला वाईट वाटलं, आणि लगेच वाटलं की माझ्याहून नीट केलंत, कुणाचं नुकसान न करता.

तुला मला भेटायचं नाही. कळलं. तुझं बरोबर आहे आणि मी त्यावर आणखी काही लिहून तुला त्रास देणार नाही.

रोपांना अजून दोन वर्षं सावली लागेल, मग जंगलात न्यायची. त्यांना कुणीतरी जाणतं हवं. साहेबांनी जागा काढली आहे. नवी बाई तुझं नाव सुचवणार आहे. मी त्यात कुठेही नाही, माझी शिफारस नाही, सही नाही.

तू गुरुवार बघून येत बसू नकोस, म्हणून हे पत्र. तीस तारखेला मी किल्ल्या देते. त्यानंतर त्या फाटकातून मी आत येणार नाही. आईकडेही दर रविवारी दिवसभर मी बाहेर असेन, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, तसं तिला सांगून ठेवलंय.

एक तारखेपासून कुठल्याही वारी ये. मी तिथे नसेन.

ताई